नाशिकरोड ते बेळगाव: कूतच्या कैदी शिपायाच्या मागावर

"बसऱ्याच्या लढाईला गेला, तो परत आलाच नाही." पहिल्या महायुद्धातल्या शिपायाबद्दल घरात बहुधा एवढंच उरलेलं असतं. कधी ट्रंकेच्या तळाशी एखादं पदक असतं, कधी तेही नसतं. शिपाई मराठा पलटणीतला असेल आणि १९१५-१६ च्या सुमारास त्याचा ठावठिकाणा तुटला असेल, तर सगळ्यात आधी कूत अल-अमाराचा वेढा तपासावा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिसच्या काठी असलेल्या या गावात तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला कोंडलं होतं. १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७वी मराठा, अशा तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला त्या सगळ्या फौजेबरोबर तुर्कांच्या कैदेत गेल्या.

अशा शिपायाचा माग काढण्यासाठी इराकपर्यंत जावं लागत नाही. नाशिक, मुंबई, पुणे, सातारा, बेळगाव या वाटेवर बरंच हाती लागतं. कचेऱ्या शनिवार-रविवार बंद असतात, त्यामुळे सोमवारी सुरुवात केलेली बरी.

पहिला दिवस: नाशिक आणि देवळाली

पहिलं काम तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. दोन गोष्टी मागायच्या. एक, गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४. दुसरी, फेरफार नोंदवही, गाव नमुना ६. बहुतेक लोक कोतवाल बुकात १९१६ चं साल उघडतात, नाव सापडत नाही आणि तिथेच थांबतात. सापडणार कसं? कोतवाल गावात झालेला मृत्यू लिहायचा. टायग्रिसच्या काठी मेलेला माणूस त्याच्या वहीत येत नाही.

खरा धागा फेरफारात असतो. शिपायाच्या नावावर जमिनीचा तुकडा असेल, तर केव्हातरी वारसाचं नाव चढवावं लागलंच. बेपत्ता माणूस मेला असं मानायला कायद्यात सात वर्षांची मुदत आहे, त्यामुळे ही नोंद बरीच उशिरा झालेली असू शकते. १९१६ पासून १९२५ पर्यंतचे फेरफार ओळीने पाहावेत. नोंदी मोडीत असतात. मोडी वाचणारा जाणकार सोबत असेल तर उत्तम, नसेल तर नक्कल घेऊन नंतर वाचून घ्यावी. नाशिक जिल्ह्यातले पुष्कळ जुने कागद आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. गावाचं नाव आणि तालुका आजचा नव्हे, त्या काळचा टाकावा.

घरात पदक असेल तर ते याच दिवशी नीट पाहून घ्यायचं. १९१४-१५ चा तारा पितळी रंगाचा, चार टोकांचा, आडव्या दोन तलवारींचा. त्याच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. रुपेरी युद्धपदक आणि पिवळसर विजयपदक यांवर हीच माहिती कडेवर, म्हणजे नाण्याच्या दातऱ्या असतात त्या जागी, बारीक अक्षरांत असते. तेच युद्धपदक काशाचं असेल तर माणूस बहुधा लढणारा शिपाई नव्हता. तो फॉलोअर होता: भिस्ती, मोतद्दार, डोलीवाला, खेचरवाला किंवा मजूर. पदक चिंच लावून किंवा राखेने अजिबात घासू नये, कडेवरचे आकडे झिजतात. पातळ कागद कडेभोवती गुंडाळून वरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की अक्षरं उमटतात. तळहाताएवढी, नाव असलेली गोल काशाची तबकडी मिळाली तर ती मेलेल्या सैनिकाच्या वारसाला दिलेली स्मृतितबकडी. तिच्यावर फक्त नाव असतं, नंबर आणि पलटण नसते. ती मृत्यू सांगते, ठिकाण सांगत नाही.

नंबर, पलटण आणि गाव. या तीन गोष्टींपैकी दोन हाती असल्या की पुढचा रस्ता उघडतो. नुसतं नाव घेऊन काहीही हाती लागत नाही, कारण एकाच पलटणीत एकाच नावाचे कितीतरी शिपाई असत.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पहिल्या महायुद्धाचं फारसं काही मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्याकडून मानधन मिळत आलं, त्यामुळे त्या पिढीच्या नोंदी मात्र तिथे असू शकतात.

दुपारनंतर देवळाली कॅम्प. शहरातून बस मिळते. इथल्या बराकी १८६१ पासूनच्या. मुंबईला बोटीतून उतरलेल्या गोऱ्या पलटणी इथे थांबत आणि मुदत संपलेले शिपाई परतीच्या बोटीची वाट पाहत इथेच पडून राहत. रेस्ट कॅम्प रोड हे नाव अजून चालू आहे. छावणी आजही लष्कराच्या वापरात आहे. फोटो काढू नयेत, ओळखपत्र खिशात असावं.

दुसरा दिवस: कसारा घाट आणि मुंबई

सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस. इगतपुरी सोडली की गाडी थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, उतरते. घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून दख्खनची फौज याच उतारावरून बंदराकडे गेली.

नाशिक ते मुंबई रस्त्याने साधारण १६५ किलोमीटर. कूतपासून बगदादही जवळजवळ एवढंच. हे अंतर खिडकीतून नीट पाहून ठेवावं: घाट, भातखाचरं, शहापूर, कल्याण. मे महिन्यात, जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर आणि उपासमारीनंतर, हे अंतर कैद्यांना पायी कापावं लागलं. आणि तो त्यांच्या चालीचा पहिलाच टप्पा होता.

मुंबई बंदराच्या गोदीत पासाशिवाय प्रवेश नाही. बॅलार्ड इस्टेटच्या बाजूने बाहेरूनच पाहावं लागतं. ६व्या पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी, ब्रिगेडियर जनरल डेलामेनची १६वी ब्रिगेड, १६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबईहून निघाली. ११७वी मराठा तिच्यातच होती. २३ ऑक्टोबरला बहरीन, ६ नोव्हेंबरला शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव इथे उतरली, आणि नोव्हेंबर संपायच्या आत बसरा हाती आलं. मधले दिवस बहरीनसमोर बोटीतच गेले, कारण तुर्कस्तानशी युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं.

पलटण म्हणजे किती माणसं? १९१४ च्या हिंदी पायदळ पलटणीत कागदोपत्री १३ इंग्रज अधिकारी, १७ हिंदी अधिकारी (सुभेदार, जमादार) आणि ७२३ शिपाई-नाईक-हवालदार. मशीनगन दोन. शिपायाला महिना ११ रुपये.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण संग्रहालय उघडलं १९२२ मध्ये. मधल्या युद्धाच्या वर्षांत इथे लष्करी इस्पितळ होतं. मेसोपोटेमियातून बोटीने येणारे जखमी मुंबईला उतरत. घुमटाखालच्या मधल्या दालनात उभं राहिलं की खाटांच्या रांगा कुठे लागत असतील याचा अंदाज येतो.

जखमींची जी आबाळ झाली ती सविस्तर सांगायला हवी, कारण वेढ्याचं मूळ ज्या लढाईत आहे, तिथलेच हे जखमी होते. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली. ६व्या डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड याच्या फौजेतले चार हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले, म्हणजे लढणाऱ्यांचा फार मोठा भाग. त्यांना न्यायला पुरेशा रुग्णवाहिका नव्हत्या. खेचरांच्या, स्प्रिंग नसलेल्या लोखंडी गाड्यांत घालून त्यांना नदीपर्यंत नेलं. मोडलेल्या मांडीच्या माणसाला अशी गाडी म्हणजे दर खड्ड्याला नवी जखम. पुढे त्यांना बोटीच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने कोंबलं. 'मजिदिया' बोट बसऱ्याला लागली तेव्हा डेकवरच्या माणसांची काय अवस्था होती ते मेजर कार्टर या डॉक्टरने लिहून ठेवलं. वरिष्ठांनी त्यालाच दटावलं. १९१७ च्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालात त्याचं म्हणणं खरं ठरलं. माघार घेणारी उरलेली फौज ३ डिसेंबरला कूतला पोहोचली आणि ७ डिसेंबरपासून वेढा पडला.

तिसरा दिवस: पुराभिलेखागार आणि शिध्याचा हिशेब

संग्रहालयापासून जवळच, काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार. अर्ज आणि ओळखपत्र लागतं. पेन्सिल आणि कोरे कागद न्यावेत. आधी सूची मागायच्या, मग फाइल. शिपायांची नामावली इथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. युद्धकाळातला मुंबई सरकारचा भरती, मदतनिधी आणि कुटुंबांच्या अर्जांबाबतचा पत्रव्यवहार शोधावा. पलटणींच्या युद्ध-दैनंदिन्या आणि सैन्य खात्याचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यातला काही भाग 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतो. शोधताना इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून टाकावं.

वेढ्याचे कागद वाचताना तोफांच्या नोंदींपेक्षा शिध्याच्या नोंदी आधी वाचाव्यात, असं आमचं ठाम मत आहे. वेढा सुमारे १४५ दिवस चालला. मराठा पलटणींच्या जागा ठरलेल्या होत्या. १०३वी ईशान्येच्या मातीच्या किल्ल्यात, जिथे २४ डिसेंबरला भिंत फोडून तुर्क आत घुसले आणि हातबॉम्ब-संगिनींनी त्यांना परतवलं. ११०वी नदीपलीकडच्या, लोकर दाबायच्या कारखान्याच्या वस्तीत, मुख्य ठाण्यापासून तुटलेली. पण या शौर्याचा शेवट ठरवला तो कोठारातल्या पिठाने.

हिंदी शिपायाचा युद्धातला रोजचा शिधा म्हणजे दीड पौंड आटा, अदमासे ६८० ग्रॅम, शिवाय चार औंस डाळ, दोन औंस तूप. मार्चमध्ये पीठ दहा औंसांवर आलं, म्हणजे २८० ग्रॅम, तेही जवाचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाच औंस, १४० ग्रॅम. शेवटी चार औंस. १४० ग्रॅम पिठाच्या तीन-चार पातळ भाकरी होतात. ते दिवसभराचं जेवण, आणि त्यावर रात्री खंदक खणायचे, पूर आला की बांध घालायचे.

चूक कुठे झाली? मोजदाद उशिरा झाली. सुरुवातीला टाउनशेंडने सुमारे दोन महिने पुरेल एवढंच अन्न असल्याचं कळवलं. त्यामुळे सोडवायला येणाऱ्या फौजेने पूर्ण जमवाजमव न करता, तोफा आणि बोटी कमी असताना, जानेवारीत घाईघाईने हल्ले केले. मग गावातल्या घरांची झडती घेतली तेव्हा जमिनीखाली पुरलेलं धान्य सापडलं आणि जानेवारीच्या अखेरीस आणखी ८४ दिवस निभावेल असा नवा हिशेब निघाला. ही झडती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली असती, तर शिधा पहिल्यापासून बेताने वाटता आला असता आणि सोडवणाऱ्या फौजेला उसंत मिळाली असती. त्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. शिवाय घोडी-खेचरं हजारोंनी होती आणि तीही जवच खात होती. गावातल्या सहा हजारांच्या आसपास रहिवाशांनाही त्याच कोठारातून द्यायचं होतं. धान्य होतं, पण दळायला पुरेशी जाती नव्हती. शेवटी जात्याचे दगड विमानातून टाकले.

आता घोड्याच्या मांसाचा प्रश्न. इंग्रज शिपाई ते जानेवारीच्या अखेरीपासून खाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला. घरी परतल्यावर जात-बिरादरी काय म्हणेल, मुलीचं लग्न कसं जमेल, ही त्यांची काळजी होती आणि त्या काळच्या गावात ती अगदी खरी होती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी फरक पडला नाही. एप्रिलमध्ये पीठ पाच औंसांवर आल्यावर आणि स्पष्ट हुकूम निघाल्यावर हजारोंनी खायला सुरुवात केली. तोवर अंगातली ताकद गेली होती.

या नकाराचा परिणाम मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल हेहिर यांच्या नोंदींत स्पष्ट दिसतो. हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाली: हिरड्या सुजल्या, दात हलले, जुन्या जखमा उकलल्या. इंग्रजांना स्कर्व्ही कमी, पण बेरीबेरी झाली: पाय सुजले, चालता येईना. कारण ताटात होतं. ताज्या मांसातून इंग्रजांना थोडं क जीवनसत्त्व मिळत होतं, पण त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा होता. हिंदी शिपायाच्या कोंड्यासकट आट्यात आणि डाळीत ब१ होतं, म्हणून बेरीबेरी टळली. भाजी, लिंबू, मांस यांपैकी काही नव्हतं, म्हणून स्कर्व्ही आली. जीवनसत्त्वं हा शब्दही तेव्हा नवा होता. शिपाई नदीकाठचं गवत-पाला खुडून भाजीसारखं शिजवत, त्यात काही विषारी निघालं. भूक मारायला अफूच्या गोळ्याही चालत.

१५ एप्रिलपासून विमानांनी पोती टाकायला सुरुवात केली. अख्ख्या पंधरवड्यात मिळून सुमारे १९,००० पौंड, म्हणजे साडेआठ टन माल. तेरा हजार माणसांत वाटला तर माणशी रोज पन्नास ग्रॅमही पडत नाही. पोती चुकून नदीत आणि तुर्कांच्या बाजूलाही पडत. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही बोट २७० टन माल घेऊन वेढा फोडायला निघाली. ती वाटेत अडकली आणि पकडली गेली. तो माल पोहोचला असता तर माणशी वीस किलो झाला असता, पाच औंसांच्या हिशेबाने काही महिने. पाच दिवसांनी शरणागती.

चौथा दिवस: खडकी

मुंबईहून सकाळच्या गाडीने पुणे आणि तिथून खडकीचं युद्धस्मशान. आवार अतिशय नीटनेटकं. दगडांच्या रांगा मात्र मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या. आवारातल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर नावं आहेत ती हिंदुस्थानात मेलेल्या आणि इतरत्र पुरलेल्या सैनिकांची. कूतचा कैदी इथे शोधू नये.

तसंच दिल्लीच्या इंडिया गेटबाबत. तिथे तेरा हजारांवर नावं कोरलेली आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि तिसऱ्या अफगाण युद्धातली. नाव दिसलं नाही म्हणून नातेवाईक निराश होतात. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर नाही अशांचं स्मारक बसऱ्याला आहे. सद्दाम हुसेनच्या काळात, १९९७ मध्ये, ते मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. त्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचे फक्त आकडे. अमुक पलटण, अमुक इतके शिपाई. हा अन्याय होता आणि तो शंभर वर्षं तसाच राहिला. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने अलीकडे हजारो हिंदी नावं आपल्या डिजिटल यादीत घातली आहेत.

त्या यादीत शोधायची रीत अशी: नाव टाकू नये. सेवाक्रमांक टाकावा. तो नसेल तर पलटण निवडून मृत्यूची तारीख ७ डिसेंबर १९१५ ते ३१ डिसेंबर १९१८ ठेवावी आणि येणारी यादी ओळीने वाचावी. काही नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हा असतो. गावाचं स्पेलिंग कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं असतं, म्हणून ते मोठ्याने वाचून पाहावं.

पाचवा दिवस: अपशिंगे

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण पडले, त्यांचं स्मारक गावात आहे. या गावाने फौजेची नोंद स्वतः जपली, म्हणून ती आज वाचता येते. नाशिकच्या आपल्या गावांत चावडीवर किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत १९१४-१९१९ अशी पाटी असेल, तर चुना खरवडून वाचून घ्यावी. अशा पाटीवर बहुधा नावं नसतात, किती गेले आणि किती पडले एवढंच असतं.

संध्याकाळी कोल्हापूर-निपाणीवरून बेळगाव.

सहावा दिवस: बेळगाव

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे. आत जायला आगाऊ परवानगी घ्यावी लागते. पत्रात शिपायाचा नंबर, हुद्दा, जुनी पलटण आणि नातं स्पष्ट लिहावं. १९२२ मध्ये क्रमांक बदलले, ते सोबत द्यावेत: १०३वी झाली पहिली बटालियन, म्हणजे आजची जंगी पलटण; १०५वी दुसरी, काळी पाचवी; ११०वी तिसरी; ११६वी चौथी; ११७वी पाचवी; ११४वी दहावी. ११७वीला तिच्या कामगिरीबद्दल 'रॉयल' ही पदवी मिळाली होती.

कैदेचा भाग इथे बसून जुळवावा. शरणागतीच्या दिवशी सुमारे तेरा हजार माणसं होती. त्यांत दहा हजारांच्या आसपास हिंदी, त्यातले तीन हजारांवर फॉलोअर. हजारांहून जास्त आजारी-जखमींची अदलाबदल होऊन ते नदीने बसऱ्याकडे गेले, म्हणून कूतला असलेला प्रत्येक जण कैदेत गेला असं धरू नये. बाकीच्यांना नदीवर वरच्या अंगाला शुमरानच्या तळावर नेलं. तिथे खायला मिळाली ती तुर्की बिस्किटं: भरड पिठाची, कोंडा आणि माती मिसळलेली, दगडासारखी. महिनोन् महिने रिकाम्या राहिलेल्या आतड्यांना ती सोसली नाहीत. अतिसाराने पहिल्याच आठवड्यात शेकडो गेले.

मग अधिकारी बोटीने बगदादला गेले आणि शिपाई पायी. टाउनशेंडला कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर घर मिळालं. शिपायांनी भाकरीसाठी बूट विकले आणि मे-जूनच्या उन्हात अनवाणी चालले. बगदादहून सामर्रापर्यंत आगगाडी होती. पुढे लोहमार्ग नव्हता. सामर्रा, तिक्रित, शरकात, मोसुल, निसिबीन, रास अल-ऐन अशी साडेपाचशे ते सहाशे किलोमीटरची चाल. मागे पडला तो तिथेच राहिला, म्हणून त्यांच्या मृत्यूच्या तारखा नाहीत. कागदावर 'बेपत्ता' लिहिलेल्यांपैकी बरेच याच टप्प्यावरचे.

रास अल-ऐनला बर्लिन-बगदाद रेल्वेचं काम चालू होतं. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना तिथे मातीच्या भरावाच्या कामाला लावलं, इंग्रज शिपाई बहुतेक पुढे अमानस आणि टॉरस डोंगरांतल्या बोगद्यांवर गेले. मुसलमान कैद्यांना तुर्कांनी वेगळं काढून जरा बरं वागवलं, त्यांना आपल्याकडे वळवायचा हेतू होता. त्यामुळे एकाच पलटणीतल्या दख्खनी मुसलमान आणि मराठा शिपायाची कैद सारखी नव्हती, हे शोध घेताना लक्षात ठेवावं. थंडीत टायफसची साथ आली. उवांनी पसरणारा हा ताप, आणि कपडे उकळायला ना भांडी ना सरपण. हिंदी कैद्यांतले मेलेले आणि पत्ता न लागलेले मिळून तीन हजारांच्या आसपास.

सेंटरमध्ये शरकातचं युद्धस्मारक आहे. कूतचे कैदी १९१६ च्या उन्हाळ्यात ज्या शरकातवरून हाकलत नेले, तिथेच २९-३० ऑक्टोबर १९१८ ला ११४वी मराठा लढली. मेसोपोटेमियातली ती शेवटची लढाई. ३० तारखेला मुद्रोस इथे तुर्कस्तानशी युद्धबंदीचा करार झाला.

एक घोटाळा वारंवार होतो. घरात "कैदेत होते" एवढंच माहीत असेल, तर ते दुसरं महायुद्धही असू शकतं. २०-२१ जून १९४२ ला उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं तेव्हा दुसरी मराठा बटालियन तिथे होती. जर्मनांनी फळी फोडली ती तिच्याच हद्दीत. ते शिपाई इटलीतल्या अवेझानोसारख्या छावण्यांत गेले आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने हात टेकल्यावर अनेकांना जर्मनी-फ्रान्सकडे हलवलं. फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर ११ मे १९४४ ला अमेरिकी बॉम्ब पडल्यावर शेकडो हिंदी कैदी पळून स्वित्झर्लंडला पोहोचले. या कैद्यांना रेडक्रॉसची पार्सलं मिळत, पत्रं येत-जात. तेव्हा घरात छापील कैदी-पोस्टकार्ड असेल किंवा इटलीचं नाव निघत असेल, तर कूत सोडून द्यावं आणि बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला दुसऱ्या महायुद्धाचा नंबर देऊन लिहावं. काहीच कागद नसेल तर वय मोजावं. १९१६ चा शिपाई १८८५ ते १८९८ च्या दरम्यान जन्मलेला असणार, तोब्रुकचा बहुधा १९१० नंतरचा. नाशिकच्या कोतवाल बुकात जन्माची नोंद त्या वर्षांत शोधली की कोणतं युद्ध ते ठरतं.